मोज्याची टाच

पार्सलच्या खिडकीपाशी रांग हलत नव्हती, म्हणून शिंप्याचे कान पुढच्या मावशी-भाचीकडे लागले.

"धाकट्या मावशीला ऐकू येत नाही, तिथे नेटवर्कही धड नाही. मग तिला मोज्याची टाच विणायला शिकवलीस कशी?"

"हलतं चित्र पाठवलं. जिफ. आवाज तिला नकोच होता."

"पण ते तर नऊ एमबीचं होतं. तिच्या फोनवर उघडेचना."

"म्हणून रंग सोळाच ठेवले, निम्म्या फ्रेमा उडवल्या. तरी तीन एमबी. तुझा नवरा म्हणाला, मावशी, नाद सोडा."

"मग?"

"नाद कसला सोडतेय. शंभरदा पाहिलं तेच चित्र. माझे हात हलतायत, आणि मागे पडदाही हलतोय, पंख्याच्या वाऱ्याने. अगं, फाइलमध्ये जे हलतं त्याचंच वजन पडतं. पंखा बंद केला, घामाघूम होऊन पुन्हा सगळं शूट केलं. हात तेवढे हलले."

"किती झालं?"

"चारशे केबी. तिच्याकडे झटक्यात उघडलं."

तेवढ्यात खिडकीतून पार्सल आलं. मावशीने दोरा दातांनीच तोडला. आत लोकरीचा मोजा होता.

"एकच?"

"टाच तपासायला पाठवलाय. बघ, एक टाका सुटलेला नाही."

"बाई, पुढे सरका," कारकून म्हणाला, "मागे रांग आहे."

मावशीने चप्पल काढली होती.

"थांबेल रांग," म्हणत शिंप्याने तिच्या हाताखाली आपला खांदा दिला. "आधी मोजा घालू द्या त्यांना."