जहाजावरचे हाजी

सौदीतल्या यान्बू बंदराच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारी तेलाच्या प्लँटमधले दोघं मराठीत बोलत होते.

"हनीफभाई, तुमच्या घरातून इकडे आलेले तुम्हीच पहिले ना?"

"नाही हो, चारुदत्त. पहिल्या महायुद्धात माझे पणजोबा आले होते. इंग्रजांच्या जहाजावर, भट्टीत कोळसा टाकायला."

"मग हज घडला असेल त्यांना."

"कसला हज! खाली उतरूच दिलं नाही. या किनाऱ्यावरच्या तुर्कांवर तोफा डागून जहाज परत गेलं."

"हुकूम साहेबाचा होता. त्यांचा काय दोष?"

"हुकूम साहेबाचा, कोळसा आमचा. अन् अरबस्तानातून आले म्हणून गाव त्यांना हाजीसाहेब म्हणायला लागलं. तशी हाक आली की ते वाट बदलायचे म्हणे."

"तुम्ही करा की त्यांच्या नावानं हज. चालतो ना तुमच्यात?"

"केला. माझा झाल्यावर त्यांच्या नावानं केला."

"मग सुटले ते."

"अल्लाचा गुन्हा असेल तर अल्ला माफ करेल, चारुदत्त. पण माणसाचा असेल तर त्या माणसानंच माफ करावा लागतो. किनाऱ्यावरची ती माणसं मी कुठे शोधू?"