देश जुळत नाही

— नाही साहेब, ते यंत्र आधी बॅगेत ठेवा. तुमच्या अँटेनानं काय दाखवलं ते तुम्ही मला सांगू नका, मीच सांगते. या गच्चीवरच्या वायफायच्या चार डब्या. चारच. बाकीच्या वीस खाली भिंतींच्या आत आहेत, त्यांचा आवाज कुठं जात नाही. तुम्ही वायरलेस परवाना खात्याचे, तपासणं तुमचं कामच, मान्य — पण आज कसे उगवलात? हवामानाच्या रडारवाल्यांचं तक्रारीचं पत्र सहा आठवड्यांपूर्वी आलंय ना तुमच्याकडे? सहा आठवडे ते या टेबलावरून त्या टेबलावर सरकत राहिलं, आणि आज शिडी चढून येता आणि विचारता, बाई, हे कोणाचं. माझं. या इस्पितळातलं सगळं वायफाय बारा वर्षं मीच बघते.

डब्या मी मागवल्या नाहीत. ते खरेदीवाल्यांना विचारा — आम्ही त्यांना जुगाडू म्हणतो, तोंडावर नाही म्हणत. नवी इमारत तयार, उद्घाटनाची तारीख ठरलेली, आणि आपल्या देशाच्या डब्या यायला दहा आठवडे लागणार. ह्यांनी कुठून तरी चोवीस पैदा केल्या, चार दिवसांत. डबी दिसायला तीच, कंपनी तीच, फक्त बनवलेली दुसऱ्या देशासाठी. जोडल्या तर मुख्य यंत्र त्यांना आत घेईना. पडद्यावर एकच ओळ — देश जुळत नाही. चोवीस वेळा तेच. मी म्हटलं, बरोबर बोलतंय ते. आपल्याकडे वायफायच्या लहरींच्या या पट्ट्यात हवामानाचं रडार चालतं. म्हणून आपल्या डबीनं आधी कान देऊन ऐकायचं, रडारची चाहूल लागली की गुमान दुसऱ्या चॅनेलवर जायचं. त्या देशात त्या पट्ट्यात रडारच नाही, मग त्यांच्या डबीला ऐकायला शिकवणार कोण? ती आपली बोंबलत राहणार. हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा, नियम तुमचेच.

अधीक्षकांना मी लेखी दिलं. दोन पानं. त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "यंत्रात देशांची यादी आहे ना? मग त्यात तोही देश टाका. एका शब्दाचा प्रश्न आहे." — शब्दाचा. डॉक्टर माणूस, औषधाच्या बाटलीवरचा एक शब्द बदलला तर काय होतं हे ज्यांना मी सांगायला नको, ते मला असं म्हणतात. मी नाही म्हटलं. चार दिवस नाही म्हटलं. त्या चार दिवसांत नव्या इमारतीतल्या वरच्या वॉर्डात, पेशंट तर आधीच हलवलेले, सिस्टर लोकांच्या टॅबवर काही उघडेना, सगळं कागदावर. एका आजोबांना तेच इंजेक्शन दोनदा दिलं जाणार होतं, सुई दंडाला टेकली होती म्हणे, तेव्हा दुसरी सिस्टर धावत आली. मोठ्या सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या.

टाकला. कोणी? मीच टाकला, दुसरं कोण टाकणार, पासवर्ड माझ्याकडे. यादीत तो देश टाकला आणि एका मिनिटात चोवीसच्या चोवीस हिरव्या झाल्या. अधीक्षकांनी हात मिळवला माझ्याशी. मिळवला मी पण.

हो हो, लिहा ना, लिहायलाच आलाय. पण एक सांगा, त्या पत्राखाली सही कोणाची आहे ते पाहिलंत का? नीट पाहा. आडनाव पाहा. आता माझ्या गळ्यातलं कार्ड पाहा.

माझा सख्खा मोठा भाऊ. रडारवर एकोणीस वर्षं. आई गेल्यापासून मी दादा-वहिनीकडेच असते. रविवारी दुपारी जेवताना तो वहिनीला सांगत होता — मला नाही, वहिनीला — की रडारच्या चित्रात तीन आठवडे एक पट्टा येतोय, पंख्यासारखा पसरत जाणारा, ईशान्येकडून, ढग नसताना ढग दाखवतोय. कोणीतरी गाढव वायफाय लावून बसलंय, म्हणाला. घास तोंडात तसाच राहिला माझा. रडारवरून ईशान्येला काय आहे? हे इस्पितळ आहे. तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं? वहिनीनं विचारलं, भाजी तिखट झालीये का. मी म्हटलं, हो, थोडी.

दहा मिनिटांचं काम होतं हो. चार डब्यांचा चॅनेल बदलायचा, बस. सोमवारी अधीक्षकांकडे गेले तर म्हणाले, उद्घाटनाचे पाहुणे येऊन जाऊ देत, तोवर कशाला हात लावू नका. मी तेवढंच धरून बसले. चांगलं निमित्त मिळालं ना मला. बदललं असतं तर नोंद राहिली असती, कोणी बदललं, का बदललं, आधी काय होतं. बारा वर्षांची नोकरी. आणि दादासमोर कुठल्या तोंडानं जायचं?

मग गारा पडल्या. वादळ नेमकं त्या पट्ट्यातून आलं. दादाला ठिपका दिसला होता, त्याला वाटलं तोच रोजचा कचरा. इशारा गेला नाही. बाजाराचं छप्पर लोकांवर आलं. अकरा जण जखमी, एका बाईचा पाय गेला. आणले कुठं? इथंच, दुसरं इस्पितळ आहे कुठं. त्यांची नावं टॅबवर भरली गेली, पटापट, एकदाही अडकलं नाही.

दादाला घरी बसवलंय. चौकशीत म्हणाले, ठिपका स्पष्ट होता, तुम्हाला वेगळा कसा दिसला नाही? पट्टा बाहेरून येतो याला पुरावा काय? पुरावा तुमच्या टेबलावर पडला होता साहेब. त्यानं डोळे तपासून घेतले. मीच गाडीवर घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "मग डोकंच गेलं असेल माझं." आणि मी त्याला हेल्मेट दिलं हातात. एवढंच केलं मी.

अजून का चालू ठेवल्यात, हे विचारताय? रोज स्वतःला सांगायचे — बंद केल्या तर तुम्हाला काही सापडणार नाही, दादा कायमचा खोटा ठरेल. तिकडे रडारवाले आता शेजारच्या जिल्ह्याचं रडार बघतात, धोका नाही. छान आहे ना ऐकायला? खरं ते नाही. पट्टा एकाएकी गेला असता तर त्यानं घरी बसूनही तारीख विचारली असती, आणि त्याला तारखा जुळवता येतात.

काय? कुठली तारीख — डब्या लावल्याची, की मला कळल्याची? तो रकाना वेगळा आहे? आणि हा अहवाल रडारवाल्यांकडे जाणार. म्हणजे चौकशीतून त्याच्या हातात. बरं.

लिहा. कळलं सतरा तारखेला, त्या रविवारी दुपारी. गारा पडल्या सव्वीसला. मधले नऊ दिवस पण लिहा, त्याला मोजत बसायला लावू नका. जुगाडूंचं नाव लिहा, अधीक्षकांचं लिहा, पण त्यांच्या मागं मला लपवू नका. सही कुठं, इथं? झाली. आता काय राहिलंय? जा ना. माझ्याकडे असं बघत उभे राहू नका, जा.