कर्ता माहीत नाही

दि. १४ डिसेंबर २०२४, शनिवार. सुरुवात दुपारी १.५० वाजता.

मी सौ. सुलक्षणा प्रेमराज भारंबे, वय ३६ वर्षे, व्यवसाय शिक्षिका, रा. पिंप्राळा, जळगाव. घर क्रमांक व शाळेचे नाव वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. ते या जबाबात घेऊ नये, ही विनंती. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी पती व सासूबाई मंदाबाई यांच्यासह राहते. पती भुसावळला नोकरीस आहेत. माझे माहेर बोदवड. अकरा वर्षांपासून मी इंग्रजी शिकवते. यंदा नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका आहे.

माझ्या वर्गात मोनाली भाईदास पाटील ही मुलगी आहे. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे तिची जन्मतारीख ६ जून २०१० आहे. वडील हयात नाहीत. ती आई रत्नाबाई यांच्यासह काका मगन झुलाल पाटील यांच्या घरी राहते. मगन पाटील शाळेच्या समितीवर आहेत.

सोमवार, दि. ९ रोजी तिसऱ्या तासाला मी ॲक्टिव्ह व पॅसिव्ह व्हॉइस शिकवला. पॅसिव्हमध्ये कर्ता मागे जातो आणि त्याच्या आधी ‘बाय’ लागतो. कर्ता माहीत नसेल किंवा सांगायचा नसेल तर तो गाळता येतो, असे मी फळ्यावर लिहिले. ‘सांगायचा नसेल’ हे शब्द पुस्तकात नाहीत, माझे आहेत. मोनाली सहसा बोलत नाही. त्या दिवशी तिने विचारले, “मॅडम, कर्ता घरातलाच असला तर?” वर्ग हसला. मी म्हणाले, “घरातला असो की बाहेरचा, बाय लावायचा आणि मोकळं व्हायचं.” नंतर आपल्या घरात घडणारी पाच वाक्ये पॅसिव्हमध्ये लिहून आणायला सांगितली.

मंगळवारी वह्या घेतल्या. मोनालीची वाक्ये वहीत आहेत तशी सांगते, ती देवनागरीत घेतली आहेत. टी इज मेड बाय माय मदर. द गेट इज लॉक्ड. माय मोबाईल वॉज टेकन. सारी वॉज बॉट. आय विल बी गिव्हन इन पिंपळनेर ऑन संडे.

पहिली चार मी बरोबर दिली. साडीच्या आधी ‘अ’ हवा होता, तो घातला. पाचव्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिले, काय दिले जाईल? कोणाकडून?

बुधवारी वह्या परत देताना नेहमीप्रमाणे मी चुका वाचून दाखवल्या. पाचवे वाक्य वाचून मी म्हणाले, “मोनाली, तू काय पार्सल आहेस का गं पिंपळनेरला द्यायला?” मुले बराच वेळ हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी “कुरिअर, कुरिअर” म्हणाले. मोनाली उभी होती. मी तिला बस म्हणाले नव्हते. मग मी पुढची वही घेतली.

गुरुवारी तिने दुरुस्ती लिहून वही टेबलावर ठेवली. शुक्रवारी ती गैरहजर होती.

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी घरी वह्या तपासत होते. मोनालीने तेच वाक्य पाच वेळा लिहून आणले होते आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘बाय मगन काका’ जोडले होते. बाय योग्य जागी होता. मी बरोबरची खूण केली. त्याच वेळी सासूबाई फोनवर नात्यातल्या एका मुलीबद्दल विचारत होत्या, “कुठी देली वं तिले?”

मी सासूबाईंना फोन ठेवायला सांगितले. का, ते मला त्यांना सांगता आले नाही.

आमच्याकडे मुलगी देतात असेच म्हणतात. मलाही बोदवडहून पिंप्राळ्यात दिली. मोनालीचे इंग्रजी चुकले नव्हते. जी गोष्ट दिली जाणार होती ती तिने लिहिली होती. मी तिला विचारत होते, काय.

मी रत्नाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “ती झोपेल शे, मॅडम.” झोपली म्हणे, तेव्हा सव्वासातच वाजले होते. मी विचारले, रविवारी काय आहे? मागे पुरुषाचा आवाज आला आणि फोन कट झाला. नंतर तो लागला नाही.

आज सकाळची शाळा होती. साडेआठ वाजता मी वही मुख्याध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, व्याकरणाच्या वहीवरून कोणाच्या घरात जायचं नसतं. आपलं काय ते मार्कांपुरतं.” मी ही गोष्ट त्यांच्याशिवाय शाळेत कोणालाही सांगितलेली नाही.

अकराच्या सुमारास शाळा सुटल्यावर मी स्कूटरकडे गेले. तेथे मगन पाटील स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे होते. ते हसून म्हणाले, “तुमी पोरेस्ले इंग्लिश शिकाडा, मॅडम. आमले नका शिकाडू.” मी विचारले, “भाऊ, मोनाली कुठे आहे?” ते म्हणाले, “पोर आमनी शे.” मग त्यांनी विचारले, “तुमन्या सासूबाई दुपारले एकल्याच ऱ्हातस ना घर?” मी हो म्हणाले. त्यांनी सीटवरची धूळ हाताने पुसली आणि मला बसायला जागा करून दिली.

मी घरी गेले. सासूबाईंना सोबत घेऊन रेल्वे स्टेशनवर गेले व बोदवडला माझ्या भावाकडे पाठवले. गाडी सुटेपर्यंत त्या विचारत होत्या, माझे काय चुकले. पतींना फोन केला. ते म्हणाले, “पोलिसांत जायचं तर जा, पण त्याचं नाव देऊ नको.”

येथे आल्यावर महिला पोलीस हवालदार दिपमाला मॅडम यांनी माझे म्हणणे टाईप करण्यास घेतले. लग्न कोणी ठरवले या प्रश्नावर मी प्रथम ‘माहीत नाही’ असे सांगितले. त्यांनी त्याप्रमाणे लिहिले की, मुलीचा विवाह ठरविण्यात आल्याचे समजते. ते मला वाचून दाखवले. मी बरोबर आहे म्हणाले.

त्यानंतर त्यांनी विचारले, नवरदेव कोण? मला माहीत नाही. कोणाच्या घरी? माहीत नाही. ही दोन उत्तरे खरी आहेत. दिपमाला मॅडम म्हणाल्या, “ताई, पिंपळनेरला फोन लावून मी सांगू काय? एक मुलगी दिली जाणार आहे म्हणून? तिथे उद्या दहा मांडव असतील. ठरवणारा कळला तर त्याचा मोबाईल बघता येतो, गाडी बघता येते, सोयरे निघतात.” मी पाणी मागितले. त्यांनी दिले. मग वही माझ्याकडे फिरवून त्या म्हणाल्या, “पोरीनं तर लिहिलंय. पाच वेळा.”

लग्न कोणी ठरवले हे मला माहीत होते. माहीत नाही असे मी भीतीमुळे सांगितले. मोनाली भाईदास पाटील, वय साडेचौदा, हिचे लग्न तिचे काका मगन झुलाल पाटील, रा. पिंप्राळा, यांनी ठरवले आहे आणि ते उद्या रविवारी पिंपळनेर, ता. साक्री येथे लावणार आहेत. तिचा मोबाईल त्यांनीच काढून घेतला असावा व गेटला कुलूप तेच लावत असावेत, असा माझा संशय आहे. ते मी पाहिलेले नाही. वहीत त्या दोन वाक्यांना कर्ता नाही. मीही विचारला नव्हता.

दुपारी २.५५ वाजता दिपमाला मॅडमनी माझ्यासमोर पिंपळनेरला फोन लावला व मगन पाटील यांचे नाव, मी शाळेत पाहिलेल्या त्यांच्या गाडीचा पांढरा रंग आणि शाळेच्या रजिस्टरमधील त्यांचा मोबाईल क्रमांक कळवला. पलीकडून कोणीतरी नाव पुन्हा विचारले. ते मी सांगितले. ३.४० पर्यंत उलट फोन आलेला नाही. वही जमा करून घेतली आहे.

बाहेर एक पांढरी गाडी अर्ध्या तासापासून उभी आहे. ती कोणाची, मला माहीत नाही. उलट फोन येईपर्यंत मला येथे बाकावर बसू द्यावे.

वरील मजकूर मला मराठीत सावकाश दोन वेळा वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि तो खरा आहे. खालची सही माझ्या शाळेच्या मस्टरवरील सहीशी जुळत नाही. पुन्हा करून पाहिली, तशीच आली. ती माझी आहे.