पिवळी साडी

रागाच्या भरात काही विकत घेऊ नये म्हणता? मी घेतलंय की!

नायलॉनच्या साड्यांची नुकती टूम निघालेली. जयसिंगपूरला चुलत दिराचं लग्न होतं, म्हणून आम्ही नवराबायको महाद्वार रोडला साडी घ्यायला गेलतो. मी राखाडी घ्यायचं ठरवूनच गेले होते. सहज बोट दाखवून म्हटलं, "ती पिवळी जरा बघू."

दुकानदार जागचा हलला नाही. "वहिनी, ती उजळ माणसांची हाय. तुमच्या रंगाला फिक्कंच बरं दिसतंय."

दुकानातल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझे कान तापले. म्हटलं, "तीच बांधा."

"अगं, रागात घेतीयास," आमचे हे कानाशी पुटपुटले. "घरी जाऊन पस्तावशील."

"पस्तावले तर पिवळ्यात पस्तावीन!"

खरं सांगते, घरी आरशापुढं उभी राहिले आणि रडू आलं. साडी खरंच भडक होती. पण परत करायची म्हणजे त्या माणसाचं म्हणणं खरं करायचं. तीच नेसले आणि लग्नात सगळ्यांच्या पुढं जाऊन बसले.

सासूबाई म्हणाल्या, "किती भडक गं! लांबनं दिसतीयास."

"दिसायलाच नेसलीय की."

जरा वेळानं माझी नणंद शेजारी येऊन बसली. तीही माझ्याच रंगाची, जन्मभर करड्या-तपकिरी साड्यांत वावरलेली. माझा पदर चाचपत हळूच म्हणाली, "वहिनी, कुठनं घेतली?"

म्हटलं, "सांगत न्हाय. उद्या हाताला धरून नेते. त्याच्यासमोर लाल घेऊ."