उकंड्याचं नवं नाव

जऊळक्याच्या फलाटावर अंगुरीबाईची गाडी यायची होती, पण तिचे कान कधीचेच मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांत जाऊन बसले होते.

"उकंडा, सत्तरीत किरिस्ताव काहून झाला?"

"दारू पोटानं सोडवली, मारामारी गुडघ्यानं. पाप करायची ताकद सरली, जगदेव, तवा देव आठवला."

"अन् त्यानं तुले पदरात घेतलं?"

"घेतलं ना! ज्या पादऱ्याले मी गोटे मारले, त्यानंच बाप्तिस्मा देल्ला."

"मंग नवं नाव?"

"पादरी म्हने, पेत्र. मी म्हनलं, नको. माह्या आंधीचे पाच भाऊ पाळण्यातच मेले, तवा मायनं मले उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलं. यमानं ढुंकून पाहू नये म्हनून."

"यमानं पाह्यलं नाही."

"पन या देवानं तिथंबी पाह्यलं. आता त्याले पत्ता कायले बदलून देऊ?"