बंदुकीच्या गेममधलं वानर

साकोलीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बसले होते. मुलीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"बाबा, मी बनवलेला गेम पाच मिनिटांत सोडून देऊन राहिले सारे. म्हनतात, बंदुकीचे गेम सगळे सारखेच."

"हे नागझिऱ्याचं जंगल हाय ना? मंग वानर कुठी हाय?"

"वानर कायले? दुश्मन हायेत ना."

"अवं रक्षा, वानर ओरडलं का समजते, झुडपात कोन हाय. मी धानातले रानडुकरं डोळ्यानं नाही, कानानं हाकलतो."

"म्हंजे दुश्मन दिसनारच नाही, वानराच्या आवाजावरून ओळखाचा?"

"हो. पन तू एक गोळी झाडली, का वानरं पळाले. मंग तुले कोन सांगन?"

"म्हंजे गोळी मारली का आपनच फसलो! बाबा, असा गेम कोनाचाच नाही!"

"नागपूरची गाडी लागली, चाल."

"जाऊ द्या, मागून येनाऱ्या गाडीनं जाऊ. तुमी पह्यले वानरासारखं ओरडा, मले रेकॉर्ड कराचं हाय."

"इथं? चारचौघात?"

"इथंच."

"खॅक्! खॅक्-खॅक्-खॅक्!"

"आनखी एकदा, बाबा. मधात कंडक्टर हासला."