दार उजवीकडे नेलं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक नाटकाचे सेट, कपडे आणि दिवे ठरवणारी. दुसरी त्याच नाटकातल्या वयस्क नटाची बायको. नट आत तपासणीला गेले होते.

"काकू, खरं सांगा, काकांना डावीकडचं किती दिसतं?"

"काहीच नाही. वर्ष झालं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. तुला कसं कळलं?"

"तालमीत दोनदा टेबलाला धडकले. दोन्ही वेळा डावीकडेच."

"म्हणजे आता दुसरा नट शोधणार तुम्ही?"

"छे. सेट बदलला. दार उजवीकडे नेलं, पायऱ्या काढून उतार केला. थांबायचं तिथे जाड गालिचा घातला, पायाला बरोबर कळतो."

"आणि त्यांच्या लेकीचं काम करते ती मुलगी? ती सारखी इकडून तिकडे फिरते."

"बाकीच्यांना करडे कपडे दिले, तिला एकटीला पांढरे. उजेडही तिच्यावर जास्त ठेवलाय."

"दिग्दर्शकाला काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाटकातलं घर उतरणीला लागलंय, ते दिसायला हवं. फार आवडलं त्यांना."

"यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं. भारी मानी माणूस आहे."

"आले बघा. काका, काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, नाटक बंद करा. मी म्हटलं, अहो, घरी मी दिवसातून चारदा आपटतो, स्टेजवर आता एकदाही नाही. तिथे या पोरीनं सोयच तशी केलीय."